साडेचारचे तिकीट: दोन मुलांसह बुर्ज खलिफावर

बुर्ज खलिफाच्या तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती वर पोहोचण्याची नसते, खाली रांगेत शिरण्याची असते. माझ्या भावाने हे मला दोनदा सांगितले होते आणि तरीही मी पाच वाजताचे तिकीट काढायला निघाले होते, कारण डिसेंबरच्या मध्यावर दुबईत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि तोवरचा अर्धा तास पुरेसा आहे, असा हिशेब मी पुण्यात बसून केला होता. "ताई, अर्धा तास तुला एकटीला पुरेल, पोरांना घेऊन नाही पुरायचा," असे तो फोनवर म्हणाला, तेव्हा मी साडेचारची वेळ घेतली. सूर्यास्ताच्या आसपासची तिकिटे इतर वेळांपेक्षा महाग असतात आणि १४८व्या मजल्यावर जायचे म्हटले तर आणखी बरेच पैसे पडतात, म्हणून आम्ही १२४ आणि १२५ या दोन मजल्यांचे साधे तिकीट काढले. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नव्हते, त्यामुळे साडेतीन वर्षांची धाकटी फुकटात आली. नऊ वर्षांच्या थोरल्याचे तेवढे मुलांच्या दराने घ्यावे लागले.

सूर्यास्ताचा हट्ट थोरल्याचा होता आणि त्याचे मूळ मामाने सांगितलेल्या एका गोष्टीत होते. रमजानच्या महिन्यात सूर्य मावळल्यावर रोजा सोडतात; पण बुर्ज खलिफा इतका उंच आहे की वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना सूर्य जमिनीवरच्या माणसांपेक्षा जास्त वेळ दिसत राहतो. २०११ सालच्या रमजानमध्ये दुबईच्या मुख्य मुफ्तींनी यावर निर्णय दिला की ८० ते १५० या मजल्यांवरच्या लोकांनी दोन मिनिटे उशिरा आणि त्याहून वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा. ही गोष्ट ऐकल्यापासून थोरल्याला दुसरे काही सुचेना. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते, त्यामुळे त्याने पहिला प्रश्न मलाच विचारला की हे खरे आहे का, आणि मीही उत्साहाच्या भरात कागद घेऊन बसले. १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे ७६ किलोमीटर दूर जाते आणि नजरेच्या सरळ रेषेपेक्षा साधारण पाऊण अंशाने खाली उतरते. डिसेंबरात तिथला सूर्य तिरका मावळतो हे धरले, तर तेवढे अंतर उतरायला त्याला तीन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागावा. "मग मोजूया," तो म्हणाला.

मोजणीची योजना अशी ठरली की मामा आणि आजी जुमेराच्या काइट बीचवर वाळूत बसतील, आम्ही तिघे वर असू, दोन्हीकडची घड्याळे आधी मोबाइलच्या वेळेशी जुळवलेली असतील आणि सूर्याची शेवटची कड दिसेनाशी झाली की दोन्हीकडे वेळ लिहून घ्यायची. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही, संदेश मात्र जातात, म्हणून मामाने वेळ लिहून पाठवायची असे ठरले. आजीला उंच ठिकाणी गरगरते, त्यामुळे वर न जाण्याचे कारण तिला आयतेच मिळाले. माझ्या यजमानांना रजा नव्हती, तेव्हा दोन मुलांना घेऊन जगातल्या सर्वांत उंच इमारतीवर मी एकटीच जाणार होते. हे प्रकरण मला वाटले तितके सोपे नाही, हे मेट्रोतून उतरल्यावर कळले.

भावाचे घर बर दुबईत आहे. आम्ही तीन वाजता बुरजुमान स्थानकावरून मेट्रोच्या लाल मार्गिकेवर बसलो. गाडीला चालक नसतो हे कळल्यावर धाकटीने "मग गाडी कोण चालवतं?" हा प्रश्न सहा स्थानके लावून धरला. बुर्ज खलिफाच्या स्थानकावर उतरले की इमारत डोक्यावरच उभी आहे असे वाटते, पण तिच्या दाराशी जायला आधी दुबई मॉल पार करावा लागतो, आणि मॉलपर्यंत जाणारा काचबंद, थंडगार पूल सुमारे ८०० मीटर लांबीचा आहे. त्यात मधूनमधून सरकते पट्टे आहेत. मुलांना पट्ट्यांची मौज वाटते आणि ती संपली की पाय दुखू लागतात. धाकटीची बाबागाडी मी गर्दीचा विचार करून घरीच ठेवली होती आणि त्याचा पश्चात्ताप पुलाच्या मध्यावरच झाला.

प्रवेशद्वार मॉलच्या सर्वांत खालच्या मजल्यावर आहे आणि पूल मात्र वरच्या मजल्यावर उतरतो, म्हणजे मॉल उभा-आडवा ओलांडायचा. वाटेत मत्स्यालय लागते. त्याचे आत शिरण्याचे तिकीट वेगळे असले तरी समोरची भली थोरली पारदर्शक भिंत मॉलमधून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते; ती जवळजवळ ३३ मीटर रुंद आणि ८ मीटरहून उंच आहे, आणि तिच्यामागच्या टाकीत सुमारे एक कोटी लिटर पाणी आहे. त्या भिंतीमागून एक वाघळी मासा पोटाकडची पांढरी बाजू दाखवत वर गेला आणि धाकटीने तिथेच फतकल मारली. माझ्या हिशेबात मासे धरलेलेच नव्हते. वीस मिनिटे गेली, मग स्वच्छतागृहाची दहा मिनिटे गेली, आणि "वर गेल्यावर आणखी मोठे मासे आहेत का?" या प्रश्नाला मी "बघू" असे भित्रे उत्तर दिले, ज्याचे फळ पुढे मिळालेच. सल्ला द्यायचाच झाला तर मी एवढाच देईन की मासे आधी दाखवू नयेत.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही प्रवेशाशी पोहोचलो. विमानतळावर असते तशी सामानाची तपासणी झाली आणि मग रांग सुरू झाली. ही रांग एका जागी दिसत नाही. वळणे घेत, एका दालनातून दुसऱ्या दालनात शिरत ती पुढे सरकते, आणि मुलांना आता आलोच असे वाटत असतानाच आणखी एक वळण लागते. आरंभीच इमारतीची मोठी प्रतिकृती ठेवली आहे. तिच्यापाशी रांग थबकली तेव्हा मी थोरल्याला तिचा आराखडा दाखवला. वरून पाहिले तर इमारतीला मध्यभागी एक गाभा आणि त्यापासून फुटणारे तीन पंख आहेत. हे पंख एकमेकांना आणि गाभ्याला धीर देतात, म्हणजे वारा कोणत्याही बाजूने आला तरी उरलेले पंख पुश्त्यासारखे उभे राहतात. शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेचे वास्तुकार एड्रियन स्मिथ आणि संरचना अभियंता बिल बेकर यांचे हे काम आहे. पंख वर जाताना एकेका टप्प्याने आखडत जातात आणि ते टप्पे एका वेळी तिन्हीकडे न येता वळसा घेत चढतात, त्यामुळे प्रत्येक उंचीवर इमारतीचा आकार वेगळा होतो आणि वाऱ्याला एका ठरावीक लयीत तिला झुलवता येत नाही. हे मी वर्गात फळ्यावर अनेकदा काढले आहे. प्रतिकृतीसमोर उभे राहून बोट फिरवत सांगताना ते मलाच जास्त चांगले कळले.

"पण वाळूत एवढी इमारत रुतत कशी नाही?" हा थोरल्याचा प्रश्न पुढच्या वळणावर आला, आणि रांगेत आमच्यामागे उभे असलेले एक गुजराती आजोबाही कान देऊन ऐकू लागले. इमारतीखाली दीड मीटर व्यासाच्या १९२ पाइल, म्हणजे काँक्रीटचे खांब, जमिनीत पन्नास मीटरपर्यंत उतरवल्या आहेत आणि त्यांच्या माथ्यावर ३.७ मीटर जाडीचा काँक्रीटचा राफ्ट आहे, म्हणजे आपल्या घराच्या एका मजल्याहून जाड अशी एकसंध लादी. सगळ्या इमारतीला मिळून सुमारे ३,३०,००० घनमीटर काँक्रीट लागले. उन्हाळ्यात इथले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि त्या उष्णतेत काँक्रीट आवळू लागते तेव्हा ते तडकण्याची भीती असते, म्हणून त्या दिवसांत ते रात्री ओतत आणि पाण्याऐवजी काही भाग बर्फाचा घालत. काँक्रीटमध्ये बर्फ घालतात हे ऐकल्यावर मुलांनी एकमेकांकडे पाहिले; धाकटीला ते सरबतासारखे वाटले असावे. ते काँक्रीट पंपाने ६०० मीटरहून अधिक उंचीवर चढवले गेले. पंपाच्या नळीत काँक्रीट अडकले की काय होते हे मी पुण्यातल्या एका दहा मजली इमारतीवर पाहिले आहे, त्यामुळे या आकड्यापुढे मी अजूनही नमते.

रांगेच्या कडेच्या पटलांवर बांधकामाची छायाचित्रे आणि माहिती आहे. २००४ साली काम सुरू झाले आणि ४ जानेवारी २०१० रोजी इमारत खुली झाली. तोपर्यंत तिचे नाव बुर्ज दुबई होते. उद्घाटनाच्या वेळी ते अमिरातीचे तत्कालीन अध्यक्ष शेख खलिफा बिन झायेद यांच्यावरून बदलले गेले. काम ऐन भरात असताना रोज सुमारे १२,००० माणसे इथे राबत होती आणि त्यांतले बहुतेक मजूर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ या देशांतून आलेले होते. थोरल्याने एका छायाचित्रातल्या शिरस्त्राण घातलेल्या माणसाकडे बोट दाखवून विचारले की हे परत वर आले असतील का, तिकीट काढून. मला उत्तर देता आले नाही. सळई बांधणाऱ्या माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीत हे तिकीट तेव्हाही बसले नसते, एवढे मात्र मी त्याला सांगितले.

पाचला दोन मिनिटे कमी असताना आम्ही लिफ्टपाशी आलो. लिफ्टचा डबा दुमजली आहे, म्हणजे खालच्या आणि वरच्या डब्यांत दोन गट एकाच वेळी चढतात. दार बंद झाले, दिवे मंदावले, भिंतींवर प्रकाशाची चित्रे हलू लागली आणि मजल्याचा आकडा असा पळू लागला की धाकटीची "एक, दोन, पाच" ही मोजणीही त्याच्यामागे पडली. वेग सेकंदाला दहा मीटर आहे, परंतु पोटात खड्डा वगैरे काही पडत नाही. कान मात्र बंद होतात. ४५२ मीटर चढले की हवेचा दाब सुमारे पाच टक्क्यांनी कमी होतो आणि हा सगळा बदल एका मिनिटात घडतो. मी आधीपासून पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. धाकटीने दोन तोंडात टाकल्या आणि तिला काही झाले नाही. थोरल्याने मोठेपणा मिरवत गोळी नाकारली आणि दार उघडताना तो दोन्ही कान दाबून उभा होता. मागच्याच पावसाळ्यात तो आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढला होता. सिंहगड भोवतालच्या प्रदेशापेक्षा साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, म्हणजे या इमारतीचे ८२८ मीटरवरचे टोक गडाच्या माथ्यालाही मागे टाकेल. पण गडावर पोहोचायला दीड-दोन तास लागतात, वाटेत पाच वेळा बसणे होते, वर मडक्यातले दही मिळते आणि कानांना काही कळतही नाही.

१२४व्या मजल्यावर काचबंद दालन आहे आणि त्याला लागून उघडा सज्जा. सज्जाच्या कडेला माणसापेक्षा बऱ्याच उंच काचा आहेत आणि त्यांच्यामध्ये छायाचित्रे काढता यावीत अशा अरुंद फटी. दुपारभर "मी सगळ्यात आधी काचेला नाक लावणार" असे म्हणणारा थोरला सज्जाच्या दारातच थांबला. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. धाकटी माझा हात सोडून थेट काचेशी गेली, खाली पाहिले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मासे नाहीत." साडेतीन वर्षांच्या मुलीला उंचीची भीती नसते, तिला उंची म्हणजे काय हेच कळलेले नसते, नऊ वर्षांच्या मुलाला ती नेमकी कळते. मी त्याला पुढे ओढले नाही. लहानपणी मला एका मनोऱ्याच्या कठड्याशी उचलून धरले होते तेव्हाचा घाम मला आजही आठवतो.

भिंतीपाशी उभ्या उभ्या त्याने वर पाहिले आणि तो एकदम वैतागला. "आई, ही तर अजून वर चाललीय!" ते खरेच होते. सज्जावर उभे राहून मान मागे टाकली की इमारत आणखी ३७६ मीटर आकाशात जाताना दिसते; आपण जेमतेम अर्ध्याच्या थोडे वर आलेलो असतो. टोकाचा बराचसा भाग पोलादी सुळका आहे आणि तिथे राहण्याजोगी जागा नाही. सर्वांत वरचा वापरात असलेला मजला ५८५ मीटरच्या आसपास आहे. जगातल्या सर्वांत उंच इमारतीचे तिकीट काढून आपण अर्ध्यावर आलो, ही फसवणूक आहे असे त्याचे मत पडले. पण या वैतागाने त्याची पाठ भिंतीपासून सुटली आणि मी ती संधी साधून त्याला पश्चिमेऐवजी पूर्वेच्या बाजूला नेले, जिथे गर्दी अगदीच विरळ होती.

तिथे जे दिसले ते कोणत्याही माहितीपत्रात मी वाचले नव्हते. इमारतीची सावली पूर्वेकडे पसरली होती. घरे, रस्ते, मोकळे भूखंड यांच्यावरून ती एका काळसर पट्ट्यासारखी सरळ निघाली होती आणि पुढे धुरकट हवेत तिचे टोक कुठे संपते ते कळत नव्हते. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर आला की ८२८ मीटर उंचीच्या वस्तूची सावली साडेनऊ किलोमीटर लांब पडते. आणि सूर्य स्वतः बिंदू नसून थाळी असल्यामुळे बारीक सुळक्याची सावली एवढ्या अंतरावर विरघळून जाते. पाच मिनिटे पाहत राहिलो तर सावली एका रस्त्यावरून सरकून पलीकडच्या घरांवर गेलेली दिसली. थोरला कधी काचेपाशी गेला ते त्याचे त्यालाही कळले नाही. त्याने वहीत सावलीचे चित्र काढले आणि धाकटीने त्या चित्रावर एक मासा काढला, ज्यावरून थोडे भांडण झाले.

तिथून वळसा घेऊन आम्ही दुसऱ्या बाजूंना आलो. उत्तरेला बर दुबई आणि खाडी, जिथून आम्ही निघालो होतो, ते एवढे जवळ दिसत होते की मामाचे घर शोधायचा खेळ झाला. सापडले नाही, तरी दोघांनी दोन वेगवेगळी घरे शोधून काढली. खाली शेख झायेद रस्त्याच्या वळणावळणांच्या जोडरस्त्यांवर गाड्या मुंग्यांसारख्या दिसण्याऐवजी जपमाळेच्या मण्यांसारख्या एकामागे एक सरकत होत्या. दक्षिणेकडे शहर जिथे संपते तिथे ते हळूहळू विरळ होत नाही, चाकूने कापल्यासारखे संपते आणि पुढे वाळू. समुद्राच्या बाजूला धुके असल्यामुळे जगाच्या नकाशाच्या आकारात रचलेली ती कृत्रिम बेटे नुसत्या डागांसारखी भासत होती. १२५व्या मजल्यावरही आम्ही जाऊन आलो. तिथे पायाखालची काच तडकल्याचा भास घडवणारी एक जागा आहे आणि लोक तिच्यावर उड्या मारून ओरडतात. थोरल्याने तिला लांबूनच नमस्कार केला, आणि ज्या आईने आयुष्यभर काँक्रीटच्या तड्यांचा अभ्यास केला आहे तिलाही तो विनोद फारसा भावला नाही.

सव्वापाच वाजता आम्ही पश्चिमेच्या काचेकडे परतलो, तेव्हा तिथे माणसांच्या तीन रांगा आधीच उभ्या होत्या. ज्यांनी ज्यांनी महाग वेळेचे तिकीट काढले होते ते सगळे तिथे होते आणि प्रत्येकाचा हात वर होता. लहान मुलांना पुढे सोडण्याइतकी माणुसकी गर्दीत असते, मात्र मागावी लागते. मी हिंदीत विनंती केली आणि थोरल्याला दोन दांडग्या मल्याळी तरुणांच्या मधून काचेपर्यंत वाट मिळाली. धाकटीला मी कडेवर घेतले. ती आता दमली होती, लिमलेटच्या गोळ्या संपल्या होत्या आणि तिला समुद्र, सूर्य, बेटे यांतल्या कशातच रस नव्हता. खाली डावीकडे समुद्रात बुर्ज अल अरब हे हॉटेल नखाएवढे दिसत होते, त्याच्या उजवीकडे पाम जुमेरा या ताडाच्या झाडाच्या आकाराच्या कृत्रिम बेटाचे वळण, आणि त्या वळणाच्याही पलीकडच्या समुद्रावर सूर्य.

त्यानंतरची पंधरा मिनिटे मी जे पाहिले ते पुढच्या माणसाच्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. माझ्या कडेवर बारा किलोचे ओझे होते, ते मिनिटाला एकदा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात होते आणि माझी उंची पाच फूट एक इंच आहे. पडद्यावरचा सूर्य आधी पिवळा होता, मग नारिंगी झाला, मग खालून चपटा होत गेला. मध्येच माझ्या फोनवर मामाचा संदेश आला: "५:२९. गेला. आजीने पण पाहिला." पुढून थोरल्याचा आवाज आला, "आई, अजून आहे! अजून आहे!" एवढ्या मोठ्याने की मल्याळी तरुणांतल्या एकाने त्याला विचारले की काय चालले आहे, आणि त्याने हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सगळा प्रयोग सांगितला. शेवटच्या दीड मिनिटात आमच्या आसपासची पाच-सहा माणसे घड्याळाकडे पाहत उभी होती. ५:३३ ला त्यांच्यातल्याच कुणी तरी "गॉन" म्हटले. थोरल्याने वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि वजाबाकी केली. चार.

मला मात्र राहवेना. आमचा सूर्य क्षितिजाला टेकून मावळलाच नव्हता. क्षितिजाच्या थोडे वर धुरकट हवेचा एक तपकिरी पट्टा होता आणि त्यात तो विरून गेला. म्हणजे खरा सूर्यास्त आणखी मिनिट-दोन मिनिटांनी झाला असणार. हे मी त्याला तिथेच सांगितले तेव्हा त्याने वही मिटली आणि मी चूक केली हे मला कळले. प्राध्यापकाची सवय कधी आवरावी हे समजायला कधी कधी १२४वा मजलाही पुरत नाही.

सूर्य गेल्यावर निम्मी गर्दी ओसरली आणि आम्हाला काचेपाशी जागा मिळाली. पुढचा अर्धा तास हा सगळ्या भेटीतला सर्वांत निवांत वेळ होता, आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तो घाईत गमावू नये असे मला वाटते. आधी मोठे रस्ते उजळले, मग इमारती एकेक करून. थोरल्याने विचारले की या काचा कोण पुसते. इमारतीला चोवीस हजारांहून जास्त खिडक्या आहेत, त्या धुण्यासाठी रुळांवरून फिरणारी यंत्रे भिंतींतच बसवलेली आहेत, वरच्या टोकाचे काम माणसे दोरावर लटकून करतात आणि सगळी इमारत एकदा धुऊन व्हायला तीन-चार महिने लागतात. "म्हणजे संपेपर्यंत पहिल्या परत खराब झालेल्या असतात," तो म्हणाला. घरी फरशी पुसणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

सहा वाजता खालच्या तळ्यात कारंजे सुरू झाले. त्याची लांबी २७५ मीटर आहे आणि पाणी दीडशे मीटरपर्यंत उडते, पण आमच्या जागेवरून ते पाणी आमच्याकडे येण्याऐवजी तळाशीच कुणी तरी पांढरी रांगोळी काढून पुसत असल्यासारखे दिसत होते. संगीत आमच्यापर्यंत पोहोचले नाही. धाकटीने दुपारपासून पहिल्यांदा खाली लक्ष देऊन पाहिले आणि त्या पाण्यात मासे असणार असे जाहीर केले. मी या वेळी "बघू" म्हटले नाही. नाहीत, असे स्पष्ट सांगितले. ती रडली नाही, माझ्या खांद्यावर झोपली.

उतरतानाही रांग असते, हे कुणीच सांगत नाही. लिफ्टसाठी पंचवीस मिनिटे उभे राहावे लागले, तेही झोपलेल्या मुलीला घेऊन, आणि बाहेर पडायची वाट आठवणवस्तूंच्या दुकानातून जाते. थोरल्याने इमारतीची वीतभर उंचीची धातूची प्रतिकृती हातात घेतली, किंमत पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली.

सातच्या कारंज्याच्या वेळी मामा आणि आजी तळ्याच्या काठावर भेटले. खालून तेच कारंजे पाहताना मान दुखते, तुषार अंगावर येतात आणि संगीत छातीत वाजते. एकाच गोष्टीचे दोन तऱ्हांचे दर्शन एका संध्याकाळी झाले हे उत्तमच. पण थोरल्याला मामाची साक्ष घ्यायची होती. सूर्य नक्की कुठे मावळला? मामाने प्रामाणिकपणे सांगितले की तो समुद्रात बुडताना दिसला नाही, लांब पामवरच्या इमारतींच्या रेषेमागे गेला. म्हणजे खालची वेळही खऱ्या वेळेच्या आधीची होती. थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीच म्हटले नाही.

"मी तर हात जोडले आणि शुभं करोति म्हटलं," आजी म्हणाली. "सूर्य गेला म्हणजे दिवेलागण झाली."

"पण आमच्याकडे अजून उजेड होता, आजी. तू आधीच म्हटलंस."

आजीने थोडा विचार केला. "माझ्याकडे झाली होती ना? मग मी माझ्या वेळेला म्हटलं. तू वर होतास तर तू चार मिनिटांनी म्हणायचंस. म्हटलंस का?"

त्याने म्हटले नव्हते. मुफ्तींचा निर्णय आणि आजीचा निर्णय एकच आहे हे त्याच्या लक्षात आले असावे, कारण परतीच्या मेट्रोत तो बराच वेळ गप्प होता. बुरजुमान येण्याआधी त्याने वही काढली. चार मिनिटांच्या आकड्याखाली त्याने लिहिले: वर धूर, खाली इमारती, दोन्ही वेळा लवकर. मग मला विचारले की धूर आणि इमारती दोन्ही नसतील असा महिना कोणता, आणि मामाला तेव्हा सुट्टी असेल का.